राखून ठेवलेला निकाल

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज विद्यापीठाचं पत्र आलं. जाड पांढरं पाकीट, वर सोनेरी अक्षरांत ‘सह्यगिरी अभिमत विद्यापीठ’. मला वाटलं कोणाची तरी लग्नपत्रिका, म्हणून बाजूला ठेवून आधी दूध तापवलं. उघडल्यावर कळलं की यंदाच्या वर्धापनदिनी, २२ मार्चला, मला ‘उत्कृष्ट माजी विद्यार्थी’ पुरस्कार द्यायचं ठरलं आहे. कशासाठी, तर अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून एकतीस वर्षं केलेल्या कामासाठी. पत्रावर नाव आहे ‘श्रीमती हेमा जोगळेकर, बी.ए. (१९८३)’.

नाव बरोबर आहे. बी.ए. चूक आहे.

ते एकदा नीट लिहूनच ठेवते, कारण या वहीत ते मी कधी लिहिलेलं नाही. १९८३च्या एप्रिलमध्ये मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा माझ्या नंबरापुढे गुणांऐवजी ‘रा. ठे.’ असं होतं, म्हणजे राखून ठेवला. राज्यशास्त्राच्या चौथ्या पेपरातलं माझं एक उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तराशी शब्द न् शब्द जुळत होतं. चौकशीला तीन प्राध्यापक बसले होते, त्यातले एक सुपारी कातरत होते. म्हणाले, “माफीनामा लिहून दे, निकाल लावतो.” मी म्हटलं, “मी कॉपी केलेली नाही, तर माफी कशाची मागू?” ते म्हणाले, “मग निकाल राहू दे.” तो राहिला. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले ते थेट स्थळ आल्याचं सांगायला.

दुसरी उत्तरपत्रिका कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझ्या डाव्या हाताला रंगराव बसायचा, तो पुढे नगरसेवक झाला. त्यावरून काय ते समजावं.

उद्या फोन करून ती बी.ए. काढायला सांगते.

११ जानेवारी, शनिवार

कुमुद येऊन गेली. कॉलेजपासूनची एवढी एकच मैत्रीण टिकली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिने धायरीत आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या खाली फ्लॅट घेतला. चार वर्षांपासून तिची दृष्टी जात चालली आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. जिना अंदाजाने चढते, पण अक्षर वाचता येत नाही. तिचं टपाल, बँकेची पत्रं, औषधांवरच्या तारखा, सगळं मीच वाचून दाखवते.

पुरस्कारासाठी माझं नाव तिनेच सुचवलं होतं म्हणे. पुतणीकडून शिफारसपत्र लिहून घेतलं. मला पत्ता लागू दिला नाही.

मी बी.ए.च्या चुकीबद्दल सांगितलं, तर तिच्या हातातली बशी वाजायला लागली. म्हणाली, “कशाला फोन करतेस? छापलंय ना? राहू दे. हक्कच आहे तुझा.”

“हक्क आहे म्हणूनच करणार. न दिलेली पदवी मी उसनी मिरवणार नाही.”

“हेमा, पुरस्कार घे आणि गप बस. माझ्यासाठी.”

जाताना तिचे डोळे भरून वाहत होते. नवे थेंब तिला सोसत नाहीयेत. डॉक्टर बदल म्हणून सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

फोनवर कोणीच धड उत्तर देईना, म्हणून स्वतःच गेले. उपकुलसचिव डॉ. आमोद सबनीस. टेबलावर काच, काचेखाली परदेशातले फोटो. मी सगळं सांगितलं. त्यांनी संगणकात पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“मॅडम, काही अडचण नाही. आपण तुम्हाला ‘समाजघटक’ गटात घेऊ. त्यात पदवी लागत नाही. ट्रॉफी तीच, शाल तीच.”

“तीन वर्षं मी इथे शिकले. मी समाजघटक कशी?”

“तांत्रिकदृष्ट्या म्हणतोय.”

“मग तांत्रिकदृष्ट्या माझा निकाल लावा. पेपर तपासलेले आहेत, गुण कुठेतरी लिहिलेले असतील. आधी निकाल, मग तुमची शाल.”

ते हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “एक सोपा मार्ग आहे. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचं छोटंसं पत्र द्या. दोन ओळी. बाकीचं मी बघतो.”

बेचाळीस वर्षांत इमारत नवी झाली, लिफ्ट आली, फक्त सुपारी गेली. मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी ठेवणीतलं काढलं.

“मॅडम, एक लक्षात घ्या. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, असा नियम आहे. आज तुम्ही बारावी आहात म्हणून पदवीच्या मुलांसाठी बसता येतं. निकाल लागला की तुम्ही पदवीधर. मग त्या मुलांचं काय?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिक्षावाल्याला धायरीऐवजी भलताच पत्ता सांगितला. काम जाईल या भीतीने नव्हे, रागाने. म्हणजे थोडं भीतीनेही.

१७ जानेवारी, शुक्रवार

बाणेरहून अपूर्वाचा फोन. लेकीला मी सगळं सांगितलं ही माझीच चूक.

“आई, just take it ना. Who cares about एक जुनी marksheet? LinkedIn वर टाकू आपण. Community award is actually cooler.”

“तुझी इंजिनिअरिंगची पदवी देऊन टाक कोणाला तरी. तुझ्याकडे तरी काय उपयोग आहे तिचा?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे.”

फोन ठेवल्यावर विचार केला, मला खरंच काय हवंय? नोकरी करायची नाही. भिंतीवर टांगायची नाही. पण एकतीस वर्षं परीक्षेच्या खोलीत शिरताना प्रत्येक पर्यवेक्षक माझं ओळखपत्र बघतो, शिक्षणाचा रकाना बघतो, आणि मी मनातल्या मनात म्हणते, बाबा, मी कॉपी केलेली नाही. हे मला थांबवायचं आहे. बस, एवढंच.

२७ जानेवारी, सोमवार

माऊलीचा पेपर होता. माऊली लोणी काळभोरचा, जन्मांध, तिसऱ्या वर्षाला आहे. तो सांगतो, मी लिहिते. वेलांटीसुद्धा विचारायची नाही, भुवई उडवायची नाही, घसा खाकरायचा नाही. आज त्याने सालबाईचा तह १७२८ सालचा सांगितला. मला १७८२ माहीत आहे. १७२८ लिहिलं. असं लिहिताना जीव तुटतो, पण पेपर त्याचा आहे आणि चूकही त्याचीच आहे. ती त्याच्याकडून काढून घेणारी मी कोण?

नंतर कॅन्टीनमध्ये त्याला नियमाचं सांगितलं. निकाल लागला तर एप्रिलमध्ये त्याच्यासाठी बसता येणार नाही.

तो वडापाव खात होता. म्हणाला, “आन् न्हाई लागला तर?”

“तर बसेन.”

“मावशी, तुमाला आसं वाटतंय व्हय की माज्यासाठी तुमी नापास ऱ्हावं?” मग जरा विचार करून म्हणाला, “मी यम्ये करतो की मंग. यम्येला तर बीए झालेलं चालतंय ना?”

“तू आधी बी.ए. हो. सालबाईचा तह सतराशे ब्याऐंशी.”

“आता सांगताय व्हय,” म्हणाला आणि खूप हसला.

घरी येऊन अर्ज लिहिला. विषय: १९८३ साली राखून ठेवलेला निकाल जाहीर करण्याबाबत. ‘विनंती’ हा शब्द दोनदा आला होता, एक काढला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा विभागाचं अभिलेख दालन तळघरात आहे. तिथे उत्तरेश्वर नावाचा लिपिक भेटला, बार्शीकडचा. विद्यापीठात आजवर भेटलेला हा पहिला माणूस, ज्याने मला बसायला सांगायच्या आधी खुर्ची पुसली. दीड तास शोधून त्याने धुळीने माखलेली फाईल काढली.

“हाय मॅडम, समदं हाय. तुमचे गुण बी हायेत. पर फाईल बंद झाल्याली न्हाई. दुसऱ्या उमेदवाराचा जबाब हाय यात.”

“काय लिहिलंय त्याने?”

“ते मला दाखवता येत न्हाई. नाव बी सांगता येत न्हाई, गोपनीय हाय. पर तुमचा अर्ज मंडळापुढं न्यायचा तर त्यास्नी पत्र जाणार. जबाब कायम हाय का न्हाई, म्हणून.”

मी म्हटलं, “पाठवा. नगरसेवक झाला म्हणून घाबरू नका.”

तो गोंधळला. फाईल छातीशी धरून नुसता बघत राहिला.

संध्याकाळी कुमुदला सांगितलं. इतकी मोठी बातमी, पण तिने “अगं बाई” सुद्धा म्हटलं नाही. मग विचारलं, “पत्र कधी जाईल?”

“आठ-दहा दिवसांत.”

“रजिस्टर्ड पोस्टाने का साध्या?”

“मला काय माहीत? रंगरावच्या घरी कसं का जाईना.”

“रंगराव नसेलही गं,” ती म्हणाली. तिचा स्वभावच तसा. कोणाबद्दल वाईट बोलवत नाही. मी मात्र तिला सांगितलं, कोणीही असो, ज्याने हे केलं त्याला मी समोर उभं करून विचारणार आहे. ती चहा अर्धा टाकून उठली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुमुद नऊ दिवस वर आली नाही. म्हणते गुडघे दुखतात. मी खाली गेले तर कामवाली म्हणाली झोपल्यात, सकाळी अकरा वाजता. पेपर वाचून दाखवू का विचारलं तर आतून उत्तर, रेडिओ ऐकते. काल तिने तिळाचे लाडू पाठवले. संक्रांत होऊन महिना झाला, आता तिळाचे लाडू कोण करतं? डोळे गेले की माणसाचं कॅलेंडरही जातं बहुतेक. एकटी पडली आहे बिचारी. हे प्रकरण संपलं की तिला चार दिवस कुठेतरी घेऊन जाईन.

विद्यापीठातून मानपत्राचा मसुदा आला आहे. मी नाही म्हटल्याचं त्या विभागाला कोणी कळवलेलं दिसत नाही. ‘अंधांच्या आयुष्यात प्रकाशाची पहाट फुलवणाऱ्या.’ माऊलीला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, माज्याकडं आजून फुलली न्हाई. कवा येणार हाय?”

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाचच्या सुमारास कुमुद आली. गुडघे दुखत असल्यासारखी चालत नव्हती. हातात बंद पाकीट. “वाच,” म्हणाली.

मी नेहमीसारखा चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण तिचं टपाल मी मोठ्यानेच वाचते. विद्यापीठाचं पत्र. जावक क्रमांक, दिनांक, प्रति श्रीमती कुमुद पाटणकर. तिचं माहेरचं नाव. पुढे माझंही माहेरचंच. “आपण दिनांक २ जुलै १९८३ रोजी दिलेल्या जबाबात, आसन क्रमांक ४११, कुमारी हेमा परांजपे यांनी आपल्या उत्तरपत्रिकेतील मजकूर पाहून लिहिला, असे नमूद केले आहे. सदर जबाब आपण कायम ठेवता अगर कसे, हे पंधरा दिवसांत कळवावे.”

शेवटपर्यंत वाचलं. खालची सही, हुद्दा, सोबतच्या कागदांची यादी, सगळं. थांबता आलंच नाही, सवयच तशी आहे.

कुमुद म्हणाली, “उत्तर लिहायचंय. लिही.”

मी फूलस्केप कागद काढला. का काढला, माहीत नाही. समोर बसून कोणी “लिही” म्हटलं की मी लिहिते, एकतीस वर्षं तेच केलं आहे. ती सांगत गेली. इथे जसं आठवतं तसं उतरवते.

‘माझा आसन क्रमांक ४१२ होता. मी हेमा परांजपेच्या मागच्या बाकावर होते. ती लिहिताना कागद डावीकडे सरकवते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तिसरं उत्तर मी तिचं पाहून लिहिलं. चौकशीत मला आधी बोलावलं. माझे वडील जाऊन तीन महिने झाले होते, धाकट्या दोघांची शिक्षणं राहिली होती आणि मला नोकरी लागणं भाग होतं. मी घाबरून सांगितलं की हेमाने माझं पाहिलं. मागे बसलेल्या मुलीचं पुढची मुलगी कसं पाहील, हे तिघांपैकी कोणी विचारलं नाही. मीही लक्षात आणून दिलं नाही.’

ती थांबली. “लिहिलंस?”

“लिहिलं. पुढे.”

‘त्या पदवीवर मी तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बारा वर्षं मुख्याध्यापिका होते. कॉपी करणाऱ्या मुलांना मी शाळेतून काढलं आहे. माझा जबाब खोटा होता. तो मी मागे घेते. मला जी शिक्षा असेल ती द्यावी, पण हेमाचा निकाल लावावा. तिने मला माफ’ इथे ती अडली. “नाही, ते खोड. माफी विद्यापीठापाशी कशाला काढू?”

मी ती अर्धी ओळ खोडली. नियमाप्रमाणे पूर्ण पत्र वाचून दाखवलं. सहीच्या जागी पट्टी धरली, पट्टीच्या कडेने तिने सही केली, सरळ आली. मग मी म्हटलं, “आता खाली जा.”

ती गेली. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी दार लावलं आणि जमिनीवर बसून रडले. एवढं आई गेली तेव्हा रडले नव्हते. लग्नात माझ्या शालूला पिना हिने लावल्या. अपूर्वाच्या वेळी दवाखान्यात ही बसली होती. हे गेले तेव्हा तेरा दिवस हीच माझ्याकडे राहिली. आणि दर वेळी रंगरावला मी शिव्या घातल्या की ही म्हणायची, जाऊ दे गं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगरावचा नंबर मिळवून फोन केला. दोन वेळा निवडून आल्यावर आता मधुमेह सांभाळत घरी असतो. मी म्हटलं, तुझ्याबद्दल एक गैरसमज होता, तो आज गेला. त्याने विचारलं, कोण हेमा? बेचाळीस वर्षं ज्याच्यावर जळत होते त्याला मी आठवतसुद्धा नाही. वर म्हणाला, काही काम असेल तर आधार कार्ड घेऊन या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस मी खाली गेले नाही, ती वर आली नाही. पत्र माझ्या कपाटात. खरं सांगायचं तर मनात येऊन गेलं की फाडून टाकावं, पुरस्कार घ्यावा आणि तिला जन्मभर त्या ओझ्याखाली ठेवावं. दुसऱ्या क्षणी वाटलं, पत्र न्यावं आणि सबनीसांच्या काचेवर आपटावं. दोन्ही वेळा राग एकाच जातीचा होता.

आज दहा वाजता बेल वाजली. कुमुद दारात, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. “रिक्षा बोलाव. पत्र मी माझ्या हाताने देणार आहे.”

“मी तुझ्याशी बोलत नाही.”

“नको बोलूस. रिक्षावाल्याशी बोल.”

सिंहगड रस्त्याने विद्यापीठापर्यंत मी फक्त रिक्षावाल्याशी बोलले. सबनीसांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग फारच मऊ आवाजात म्हणाले, “हे रेकॉर्डवर घ्यायलाच हवं का? यांच्या पदवीचा प्रश्न उभा राहील. वर्तमानपत्रात आलं तर ऐन वर्धापनदिनाला संस्थेची शोभा होईल. मी हे माझ्यापाशी ठेवतो. तुम्हा दोघींना पहिल्या रांगेत बसवतो. जोगळेकर मॅडमचा सत्कार समाजघटक गटात, अगदी सन्मानाने.”

माझ्या आधी कुमुद बोलली. तिच्या शाळेत पाचशे मुलं ज्या आवाजाला गप्प व्हायची, तो आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. “साहेब, आवकचा शिक्का मारा.”

“अहो, आपण बसून बोलू.”

“बोलून झालंय. शिक्का.”

आवक खिडकीवरची मुलगी म्हणाली, साहेबांची सही हवी. साहेब म्हणाले, मीटिंग आहे. आम्ही खिडकीसमोरच्या बाकावर बसलो. शिक्क्याशिवाय दिलेला कागद कुठल्याही कचेरीतून दुपारच्या चहाबरोबर नाहीसा होतो, हे पुण्यात जन्मलेल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. एक वाजला, दीड वाजला. शिपाई येऊन म्हणाला, आजी, उद्या या. मी म्हटलं, आम्ही उद्याही येऊ, पण आज गेल्याशिवाय उद्या कसं येणार, आणि आज आम्ही जाणार नाही. कुमुदने पर्समधून राजगिऱ्याची वडी काढली, अर्धी माझ्या दिशेने धरली. भूक लागली होती म्हणून घेतली. त्याचा वेगळा अर्थ तिने काढू नये.

पावणेतीनला शिक्का पडला. आवक क्रमांक २१८६. त्याच खिडकीत पुरस्काराचं सोनेरी पत्रही परत दिलं, त्यालाही शिक्का मारून घेतला.

१२ मार्च, बुधवार

परवा मंडळाची बैठक झाली. निकाल मंजूर. कुमुदवर कारवाई नाही, ‘प्रदीर्घ कालावधी लोटल्यामुळे’. तिने शिक्षा मागितली होती, तीही तिला देता आली नाही त्यांना. ती नाराज आहे. मीही आहे.

सबनीसांचा फोन आला. माझ्या जागी आता एका बांधकाम व्यावसायिकाला पुरस्कार आहे, नवं सभागृह त्यांनीच बांधून दिलं. “आता तुम्ही रीतसर माजी विद्यार्थिनी आहात मॅडम. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.” मी म्हटलं, “तुम्हीच करा. पुरस्कार मी तुम्हाला देईन.” त्यांना कळलं नाही.

लेखनिकांच्या यादीतून माझं नाव काढायचं पत्र मीच दिलं. ते लिहायला अर्जापेक्षा जास्त वेळ लागला. माऊलीसाठी संस्कृती नावाची प्रथम वर्षाची मुलगी बघितली आहे. अक्षर छान, पण चुकीचं उत्तर ऐकलं की भुवई उडते. माऊलीला ती दिसणार नाही, पर्यवेक्षकाला दिसेल. रोज तासभर घरी बोलावते, चुकीची उत्तरं सांगते आणि तिच्या भुवईकडे बघत बसते.

कुमुदला पुन्हा पेपर वाचून दाखवते. फक्त अग्रलेख. निधनवार्ता आणि राशिभविष्य तिला आवडतं, ते वाचत नाही.

२२ मार्च, शनिवार

वर्धापनदिन. सभागृहाबाहेर सनई, रांगोळी, फेटेवाले स्वयंसेवक. मी त्याला वळसा घालून परीक्षा विभागात गेले. सगळा स्टाफ समारंभाला, खिडकीत एकटा उत्तरेश्वर.

“या मॅडम. संगणकात ८३चा नमुनाच न्हाई, म्हणून हातानं लिवलीया. अक्षर सांभाळून घ्या.”

गुणपत्रिका. खाली आजची तारीख. द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण. अक्षर सुरेख होतं, मी या विषयात सहसा कोणाला चांगलं म्हणत नाही. त्याने नोंदवही पुढे केली. सगळ्या पानभर आई, वडील, भाऊ, काका. मुलं गावी असतात, गुणपत्रिका न्यायला कोणी ना कोणी येतं. ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्यात मी ‘स्वतः’ असं लिहिलं आणि सही केली. लांबून टाळ्या ऐकू येत होत्या. अक्षर बिघडू दिलं नाही.

कुमुद बाहेर पायरीवर बसली होती. मी तिला आणलं नव्हतं, तीच मागून दुसरी रिक्षा करून आली होती.

“मिळाली?”

“मिळाली.”

“वाच.”

वाचली. नाव, आसन क्रमांक, एकेक विषय. तिने डोळे मिटून ऐकलं. राज्यशास्त्र, पेपर चौथा, चोपन्न.

ती रडते आहे की काय म्हणून पाहिलं, तर ओठ घट्ट दाबून बसली होती.

“काय झालं?”

“काही नाही.”

“कुमुद.”

“मला त्यात एकसष्ट होते,” ती म्हणाली.

माझं उत्तर, माझे मुद्दे, आणि हिला सात गुण जास्त. बाकीचं काय व्हायचं ते होईल, पण हे मात्र मी तिला कधीही माफ करणार नाही. घरी येईपर्यंत रिक्षात तिला तसं तीनदा सांगितलं.